तेवीस अंजिरं आणि एक गाठ

माझ्यासमोर कोणतीही बेवारस वस्तू ठेवा, ती कोणाची असेल हे मी पाच मिनिटांत सांगतो. ही बढाई नाही, हा माझा पगारी धंदा आहे. बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या विभागात मी सव्वीस वर्षं बसतो आहे. माणसं उतरतात, वस्तू बसमध्येच राहतात आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर येतात. छत्रीच्या मुठीवरून माणूस डावखुरा आहे का ते मी सांगतो. डब्याच्या झाकणावरून घरात सासू आहे की नाही ते सांगतो. एकदा तर नुसत्या कवळीवरून मालक शोधून काढला. मालक म्हणत होता ही माझी नाही, पण तोंडात घातल्यावर माझंच बरोबर निघालं!

आमचा विभाग तीन गोष्टींवर चालतो: तारेचे टॅग, नोंदवही आणि माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलेली नियमांची पाटी. वस्तू आली की तिला टॅग लावायचा, क्रमांक द्यायचा, वर्णन लिहायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे टॅग नसलेली वस्तू दिसली की मला घास गोड लागत नाही.

आणि अशा माणसाच्या परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, चाळीस वर्षं एक बिननावाचं झाड उभं होतं.

अंजिराचं झाड. ते आईचं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या आत्याने आईला अंजिराची एक फांदी दिली आणि आईने ती मागच्या भिंतीशी लावली, एवढाच त्याचा इतिहास घरात सगळ्यांना ठाऊक. अंजीर आहे हे कळत होतं, पण कुठलं अंजीर? अंजिरात शेकड्याने प्रकार असतात म्हणे. आई होती तोवर मी कधी विचारलं नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. जे विचारायचं राहिलं ते मग राहिलंच.

एका सकाळी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय शहाऐंशी, कान कमी, आवाज जास्त.

"ते अंजिराचं झाड आहे ना रे अजून?"

"आहे की."

"यंदा लागलीत?"

मी फोन धरून खिडकीपाशी गेलो आणि मोजली. "तेवीस आहेत."

"मग येते मी. तीन आठवड्यांनी, रविवारी. दोन खाईन म्हणते."

"दोन कशाला, सगळी खा. झाड तुझंच आहे."

मग ती म्हणाली, "हं."

"आत्या, कुठल्या वाणाचं आहे गं हे?"

"अंजिराचं झाड आहे. त्याला आणखी काय असतं?" आणि फोन बंद.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात बेत शिजला. आत्या येईल तेव्हा तिच्याच झाडाचं खरं नाव तिच्यापुढे ठेवायचं! शहाऐंशी वर्षांच्या बाईला साडी काय, शाल काय, सगळं देऊन झालेलं असतं. तिला तिच्या झाडाचं नाव द्यायचं. हा बेत मला इतका आवडला की मी आरशासमोर जाऊन एकदा तो स्वतःला सांगितलासुद्धा.

बायकोला सांगितला. तिचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे ती सगळं डोस ठरवून दिल्यासारखं बोलते. ती म्हणाली, "आधी आत्यांची दोन अंजिरं बाजूला काढा. मग काय ते संशोधन करा."

"अगं, तेवीस आहेत."

"तेवीस आहेत म्हणूनच सांगतेय. दोन असती तर तुम्हीच जपली असती."

हे वाक्य मी तेव्हा एका कानाने ऐकलं. दुसरा कान फोनला लागलेला होता, कारण मी पानांचा फोटो काढून झाड ओळखणारं एक ॲप उतरवून घेत होतो.

ॲपने पहिल्या फोटोवर एक नाव सांगितलं, दुसऱ्यावर दुसरं. तिसऱ्या वेळी ते म्हणालं, ही पपई आहे. चौथ्या फोटोत चुकून माझा अंगठा आला, तेव्हा ते म्हणालं, हे कंदमूळ आहे. मी ॲप काढून टाकलं आणि फोनवरच्या 'अंजीरप्रेमी' नावाच्या एका गटात शिरलो.

त्या गटात दोनशे माणसं होती, पण बोलत एकच होते. निवृत्त वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मी त्यांना मनातल्या मनात पानप्रोफेसर म्हणायला लागलो, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात एकदा तरी पान यायचं. त्यांनी मला नमुन्यांची यादी पाठवली: पाच पानं, दोन कच्ची फळं, दोन अर्धी पिकलेली, दोन पूर्ण पिकलेली. खाली ठळक अक्षरांत सूचना होती की नमुन्यांना क्रमांक द्यावेत.

क्रमांक! मला वाटलं, एवढी वर्षं मी कुठे होतो आणि हे गृहस्थ कुठे होते! दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी पिशवीभर तारेचे टॅग आणले. तेवीस अंजिरांना एक ते तेवीस टॅग लावले. सात नंबर आणि आठ नंबरच्या टॅगवर लाल शाईने लिहिलं: 'आत्या'. म्हणजे बायकोचा सल्ला मी मानला नाही असं कोणी म्हणू नये. टॅग उरले म्हणून पाच फांद्यांनाही लावले, तार चांगली आवळून. सैल टॅग म्हणजे हरवलेला टॅग, हे मी नवीन कारकुनांना नेहमी सांगतो.

या भानगडीत अंजिराचा चीक दोन्ही हातांना लागला. तेच हात मी मानेला लावले. दुसऱ्या दुपारपर्यंत माझी मान टोमॅटोसारखी लाल झाली. बायकोने दुकानातून मलम आणलं आणि म्हणाली, "दिवसातून तीनदा. आणि त्या झाडापासून लांब राहायचं, दिवसातून चोवीस तास."

सहा फळांचं पहिलं पार्सल गेलं. चार दिवसांनी पानप्रोफेसरांचा निरोप आला: 'आपण पाठवलेला मुरांबा मिळाला. फळे पाठवावीत.'

दुसरं पार्सल मी लाकडाच्या भुशात, डब्यात, डबा खोक्यात घालून पाठवलं. आणखी सहा गेली. ती पोचली तशी धडधाकट होती, पण पानप्रोफेसरांचं म्हणणं पडलं की ही तोडल्यावर प्रवासात पिकली, झाडावर पिकलेल्या फळाचा रंग वेगळा असतो. आता झाडावरच पिकू द्या आणि तिथेच कापून फोटो पाठवा.

झाडावर पिकू द्यायची तर पाखरं पिकू देईनात. पिकत आलेल्या फळाला चोच मारून ती पुढच्या फळाकडे जात. आपल्याकडे पाहुणे पेढ्यांचं करतात तसं. फळांना पिशव्या घालायला हव्या होत्या. तेव्हा मला ऑफिसातला मोज्यांचा खोका आठवला.

तुम्हाला कल्पना नसेल, पण बसमध्ये पायमोजे फार विसरतात. आणि नेहमी एकच विसरतात. माणूस एक पाय उघडा घेऊन घरी कसा जातो हे कोडं माझ्यासारख्यालाही सुटलेलं नाही. मुदत संपलेले असे साठ-सत्तर मोजे खोक्यात पडले होते. साहेबांना विचारून मी धुतलेले अकरा निवडले आणि उरलेल्या अकरा अंजिरांना एकेक चढवला. निळा, राखाडी, चट्ट्यापट्ट्यांचा, एक लहान मुलाचा बदकं असलेला. शेजारीण भिंतीवरून बघत बराच वेळ उभी राहिली. मग तिने बायकोला हळूच विचारलं, "तुमच्या घरी कोणी पाहुणे आलेत का? फार पाय आहेत त्यांना?"

मोज्यांचा गुण असा की ते पाखरांना आत येऊ देत नाहीत. अवगुण असा की हवाही येऊ देत नाहीत. आठवड्याने मी पाच मोजे उतरवले तेव्हा आतल्या फळांना पांढरी लव आली होती. त्यांना मोजे घातलेत की त्यांनीच लोकरीचे विणून घेतलेत, कळेना. उरली सहा.

बायको खिडकीतून म्हणाली, "आत्यांची दोन काढून बघा."

"ती वरच्या फांदीवर आहेत. तिथे ऊन लागतं, वारा लागतो. उगाच हात लावला तर गळतील."

हे मी ठामपणे बोललो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ठामपणे बोलणं मात्र मी पक्कं शिकलो आहे.

मग सापडली गाठ. झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, भिंतीच्या बाजूला एक लांबट, आडवी गाठ होती. साल तिथे दुमडून ओठासारखी मिटलेली. लहानपणी मी तिच्यावर पाय देऊन वर चढायचो. तिचा फोटो मी सहज गटात टाकला, आणि दोनशेपैकी दोनशेही माणसं एकदम बोलायला लागली. कोणी म्हणालं रोग, कोणी म्हणालं कलमाचा जोड. पानप्रोफेसरांनी दोन तास वाट पाहून सगळ्यांना गप्प केलं: 'सेवेच्या अडतीस वर्षांत अशी गाठ पाहिलेली नाही. हे या वाणाचे स्वतःचे लक्षण असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

मी धावत आत गेलो. "अगं, आपल्या झाडाला गाठ आहे. जगात कुठल्याच अंजिराला नाही!"

"अंजिरं किती आहेत?" बायकोने विचारलं.

सहा होती. पण गाठीच्या आनंदात, पानप्रोफेसरांच्या सांगण्यावरून, त्यातली चार पुढच्या तीन दिवसांत कापली गेली. एक उभं, एक आडवं, एक बुडाचा डोळा दिसेल असं, एक बायकोची सुरी बोथट असल्यामुळे कसंही. तरी त्यांचं समाधान होईना. शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला: 'गाठ असामान्य आहे. आता फक्त एका पूर्ण पक्व फळाचा, सकाळच्या उन्हात, कापल्याबरोबर घेतलेला फोटो हवा. त्यावर नाव निश्चित करतो.'

शनिवारी सकाळी मी शिडी लावून वर चढलो. झाडावर सात आणि आठ, दोनच उरली होती. मी सात नंबरचा मोजा उतरवला. काय फळ होतं! मानेपाशी सुरकुतलेलं, अंगावर बारीक भेगा, बुडाच्या डोळ्यात मधाचा एक थेंब. आत्याचं. मी विचार केला, आत्या दोन म्हणाली होती, पण शहाऐंशीव्या वर्षी माणूस दोन खातो का? एक खातो आणि पोट भरलं म्हणतो. आठ नंबर आहेच की. झाडाचं नाव मिळालं तर तिला किती आनंद होईल! माझ्या आनंदालाच मी तिचा आनंद म्हणत होतो, हे शिडीवर उभं असताना कळत नाही.

मी ते कापलं. फोटो काढला, पाठवला. अर्धं मुंग्यांनी नेलं. उरलेलं अर्धं डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं आणि डब्यावर सवयीने लिहिलं: 'नमुना ७, अर्धा'. मग आठ नंबरच्या मोज्याला हात लावला. तो हाताला हलका लागला. आत मुंग्या होत्या आणि रिकामी साल होती. बदकांच्या मोज्याला खाली एक भोक होतं. मोजा चढवल्यापासून मी त्यात एकदाही डोकावलो नव्हतो.

बायकोला सांगितलं. ती पिशवी घेऊन बाहेर पडली. दोन प्रकारची अंजिरं बाजारातून आणून बशीत लावली आणि बशी झाकून ठेवली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी आत्या आली. पांढरं पातळ, काठी, आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेली एक छोटी सुरी. "तुमच्या सुऱ्या बोथट असतात," ती म्हणाली. चहासुद्धा न घेता तिने खुर्ची मागे परसात न्यायला लावली आणि झाडाखाली बसली. वर बघितलं. फांद्यांवर टॅग हलत होते. फळावरून उतरवलेला एक निळा मोजा तसाच फांदीला अडकून राहिला होता.

"अंजिरं कुठं आहेत रे?"

मी सगळं सांगितलं. पार्सल, मुरांबा, मोजे, पानप्रोफेसर, सात नंबर, आठ नंबर. काही लपवलं नाही. सांगताना वाटत होतं, आत्ता ती हसेल. बायकोने बशी पुढे केली. आत्याने बाजारातल्या अंजिरांकडे पाहून "छान आहेत गं" म्हटलं आणि हात लावला नाही.

"पण आत्या," मी शेवटचा पत्ता टाकला, "झाडाला एक गाठ आहे. ती दुसऱ्या कुठल्याही अंजिराला नाही. तुझ्या झाडाचं नाव आता कळणारच."

आत्याने खुर्ची पुढे ओढली, वाकली आणि बुंध्यावरून हात फिरवला. गाठीवर तिची बोटं थांबली.

"गिळली वाटतं," ती म्हणाली.

"काय?"

"पट्टी. पत्र्याची. नर्सरीवाले झाडाला तारेनं बांधतात, नाव लिहून. झाड वाढत गेलं आणि त्यानं ती पोटात घेतली." तिने हात पदराला पुसला. "मी दिलेली फांदी आठच दिवसांत वाळली होती रे. वहिनीला मला सांगवेना. मला वाईट वाटेल म्हणून ती नर्सरीत गेली आणि तेवढंच दुसरं रोप आणून लावलं. पुढच्या महिन्यात मी आले तेव्हा म्हणाली, बघा वन्सं, तुमची फांदी कशी धरली!"

"मग तुला कसं कळलं?"

"पट्टी काढायची राहिली होती तिची. घाईत तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं."

"त्यावर नाव काय होतं, आत्या?" मी विचारलं. हो, त्यावेळीही मी हेच विचारलं. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेला तिच्या दुकानात मलम नाही.

"मी कशाला वाचू? तिनं पाठ फिरवून ठेवली होती, मी कशाला उलटवू?"

मग आत्या सांगायला लागली. दरवर्षी आई तिला डझनभर अंजिरं पाठवायची, बसच्या ड्रायव्हरबरोबर, आणि वर चिठ्ठी: 'तुमच्या झाडाची'. आत्या उलट कळवायची: 'आमच्याकडच्यासारखीच गोड आहेत.' सदतीस वर्षं. आत्याला खरं कळलंय हे आईला माहीत होतं की नाही, ते आत्यालाही ठाऊक नव्हतं. "ती गेल्यावर दोन वर्षं काही आलं नाही. म्हटलं, तुला कुठून माहीत असणार. आपणच जाऊन खावीत."

माझ्याच कंपनीच्या बसने सदतीस वर्षं ते पार्सल जात होतं. त्यातलं एकही कधी माझ्या टेबलावर आलं नाही, कारण एकही हरवलं नाही.

मला राहवेना. मी आत जाऊन तो डबा आणला. झाकण उघडून तिच्यापुढे धरला तेव्हा लेबल नेमकं तिच्याकडे होतं: 'नमुना ७, अर्धा'. आत्याने रुमालातली सुरी काढली, सुकलेली कड कापली, उरलेल्याचे दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

"उतरलंय," ती म्हणाली. "पण तिचंच आहे."

दुसरा तुकडा तिने माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. तुम्हाला खरं सांगतो, त्या तीन आठवड्यांत मी त्या झाडाचं एकही अंजीर खाल्लं नव्हतं. त्याची चव कशी आहे हे पानप्रोफेसरांनी कधी विचारलंच नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पिकली की फोन कर. नंबर वगैरे लावू नकोस." मी हो म्हटलं. शहाऐंशी अधिक एक, हा हिशेब आम्ही दोघांनीही मोठ्याने केला नाही.

संध्याकाळी पानप्रोफेसरांचा निरोप आला. फोटो पुरेसा स्पष्ट नव्हता. पण गाठीत पट्टी असल्याचं मी गटात कळवलं होतं, त्याचा त्यांना फार आनंद झाला होता: 'उत्तम! बुंधा त्या जागी आडवा कापल्यास पट्टी मिळेल आणि नाव निर्विवाद कळेल.' मी त्यांचे आभार मानले आणि गटातून बाहेर पडलो. मग पक्कड घेऊन फांद्यांवरचे टॅग एकेक करून काढले. तीन आठवड्यांतच तारेने सालीत खोल वळ पाडले होते. निळा मोजाही काढला.

सोमवारी ऑफिसात गेलो. एक म्हातारे गृहस्थ छत्री मागायला आले होते, आणि मी सवयीने त्यांना वर्णन सांगा, बसचा नंबर सांगा, सही करा असं सुरू केलं. ते थकून भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, "साहेब, तिथं तर वेगळंच लिहिलंय."

मी वळून बघितलं. पाटीवरचा पहिला नियम: मालक समोर असेल तर आधी वस्तू द्यावी, नोंद मग करावी.

ही पाटी सव्वीस वर्षं तिथेच आहे. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे. खुर्चीत बसलं की ती मला तेवढी दिसत नाही.